खेळाडू दोनने खेळ थांबवला आहे

फुटबॉलचा तो खेळ यंदा पंचवीस वर्षांचा झाला म्हणे. टीव्हीला जोडून खेळायचा तो. कंपनीने जाहीर केलं की हा सोहळा जगभर साजरा होणार. माझी हरकत नाही. एकच खेळ पंचवीस वेळा विकून दाखवणं सोपं काम नाही. मी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. तीच लिफ्ट दरवर्षी नवी म्हणून त्याच बिल्डिंगला विकायला गेलो असतो, तर रहिवाशांनी मला तिच्याच खड्ड्यात सोडलं असतं.

पण आम्ही तो खेळ घेत गेलो. आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको. सगळे भाग आमच्या हॉलमधल्या कपाटात ओळीने उभे आहेत. हे आमच्या मुलीने तिच्या ऑफिसात कुणाला तरी सांगितलं, त्या कुणाची तरी बहीण खेळण्यांच्या संग्रहालयात कामाला निघाली, आणि एक दिवस मला तिथल्या बाईंचा फोन आला.

"काका, तुमच्याकडे पूर्ण मालिका आहे असं कळलं."

"आहे."

"सगळे भाग? मूळ डब्यांसकट?"

"डब्यांसकट."

पलीकडून आवाज येईना. मला वाटलं फोन कट झाला. पुढे कळलं की बाई आनंदाने गप्प झाल्या होत्या. लोक डब्या फेकून देतात म्हणे. आमच्या घरातून काही बाहेर जात नसे. त्यात परंपरा जपण्याचा वगैरे भाग नव्हता, हिला प्रत्येक वस्तूचा काहीतरी उपयोग दिसायचा, एवढंच.

त्यांना 'एका खेळाचा इतिहास' नावाचं प्रदर्शन भरवायचं होतं. मी म्हटलं, डब्या न्या, हवं तर कपाटही न्या. फक्त टीव्हीखालच्या मशीनला हात लावायचा नाही.

"अर्थातच," त्या म्हणाल्या. "मशिनं आमच्याकडे आहेत."

त्या मशीनवर एक नारिंगी दिवा आहे. ही गेली त्याच्या आधीपासून तो लागलेला होता. तो विझू द्यायचा नाही एवढंच माझं काम उरलं होतं. बाकी मी निवृत्त.

इतिहासच सांगायचा तर पहिला भाग आणि पहिलं मशीन मी मुलीसाठी आणलं. मुलीने ते एक संध्याकाळ पाहिलं, म्हणाली, "यात ते नुसतेच पळतात," आणि चित्रं काढायला निघून गेली. मशीन परत करण्याआधी चालतं तरी का बघावं म्हणून आम्ही दोघं बसलो. दुकान बंद व्हायची वेळ टळून गेली तरी आम्ही बसलेलोच होतो. परत करणं राहूनच गेलं.

ही कोर्टात टायपिस्ट होती. समोरचा वकील वाक्य संपवायच्या आत हिचं टाइप करून झालेलं असायचं. आणि माझी बोटं पान्याला सरावलेली. एक बटण दाबायला गेलं की शेजारची दोन खुशाल दाबली जायची. त्यामुळे सामने कसे व्हायचे हे सांगायची गरज नाही. पहिल्या नंबरच्या रिमोटची वायर माझ्या खुर्चीपर्यंत पोचायची म्हणून मी खेळाडू एक आणि ही खेळाडू दोन. पुढे बिनवायरचे रिमोट आले, तरी नंबर तेच राहिले. खेळाडू एक हा मान मला असा वायरीमुळे मिळाला.

घरात मी 'अहो' होतो. "अहो, नळ टपकतोय." "अहो, हा शर्ट नको." पण पंचाची शिट्टी वाजली की ही थेट 'अरे'वर यायची. "अरे, पाय आहेत की खांब?" "घे! खा!" शेवटची शिट्टी झाली की रिमोट खाली ठेवून शांतपणे, "अहो, जेवायला वाढू?" तिच्या माहेरच्यांनी एकदा हे ऐकलं आणि आमचं बरं चाललेलं नाही असं समजून मेव्हणे मला बाजूला घेऊन समजवायला लागले.

दरवर्षीच्या भागाला ही नाव ठेवायची. डबीवरचा आकडा आम्ही कधी उच्चारला नाही. एका वर्षी कंपनीने सांगितलं की आता खेळाडूंना खरे केस असतील. मशीन आमचं जुनं, त्यावर ते केस उगवलेच नाहीत, अख्ख्या मैदानात सगळे तुळतुळीत. तो 'टकल्यांचा'. पुढे खरे चेहरे आले. म्हणजे एक चेहरा आला आणि तो सगळ्यांना लावला. तो चेहरा नेमका हिच्या थोरल्या भावासारखा होता. बावीस मेव्हणे एका चेंडूमागे धावताहेत हे दृश्य मी वर्षभर पाहिलं. त्या भागाचं नाव 'दादांचा'. ते वर्ष मला बाकीच्या वर्षांपेक्षा जरा जास्त आवडलं होतं, हे मी हिला बोलून दाखवलं नाही.

मग 'गवताचा'. गवताचं प्रत्येक पातं वेगळं हलतं अशी जाहिरात होती. हलत होतं. खेळाडू मात्र भिंतीला अडकल्यासारखे जागच्या जागी धावायचे. मग 'घामाचा'. मग एका वर्षी कंपनीचं आणि क्लबांचं भांडण झालं आणि सगळ्यांची नावं बदलून आली, ओळखीच्या माणसांना नकली मिशा लावाव्यात तशी. मग 'पुड्यांचा', त्यात चांगले खेळाडू बंद पुडीतून विकत घ्यायचे आणि आत कोण निघेल ते नशिबावर. ही म्हणाली, "मी भाजीसुद्धा उघडून बघून घेते." ती पुडी तिने एकदाही घेतली नाही.

समालोचक मात्र पहिल्यापासून एकच. चेंडू बाहेर गेला की तो म्हणायचा, "अप्रतिम! पण गोल नाही." मला तो हे वाक्य इतक्या वेळा म्हणाला आहे की शेवटी शेवटी तो ते मलाच उद्देशून म्हणतोय असं वाटायचं.

आता हिच्या लबाडीबद्दल. चुकून मी कधी गोलसमोर एकटा पोचलो, समोर फक्त गोलकीपर, की पडदा जागीच थिजायचा. वर अक्षरं यायची, 'खेळाडू दोनने खेळ थांबवला आहे.'

"गॅसवर दूध आहे," ही म्हणायची.

गॅसवर दूध नसायचं. पण ती खरंच उठून आत जायची, ओट्याशी जरा उभी राहायची आणि सावकाश परत यायची. तोवर माझा अंगठा गार पडलेला असायचा आणि तिने मनातल्या मनात बचाव लावलेला असायचा. आणि या खेळात नियम असा की ज्याने थांबवला त्यानेच सुरू करायचा. दुसऱ्याने कितीही बटणं बडवली तरी काही होत नाही. मला दरवर्षी वाटायचं, यंदा कंपनी हे बदलेल. कंपनीने गवत बदललं, घाम बदलला, ते काही बदललं नाही.

एवढं करूनही ही क्वचित हरली तर म्हणायची, "हा धरायचा नाही." कारण काहीही. उन्हाची तिरीप आली. फोन वाजला. तुमची खुर्ची करकरली. न धरलेले सामने सोडले तर ही माझ्याशी एकदाही हरली नाही.

पंचविसाव्या भागाचं नाव 'हळव्याचा'. त्यात गोलकीपर चेंडू यायच्या आधीच खाली पडतो, जणू कुणी काही लागट बोललं. त्या हळव्याच्या कृपेने एका दुपारी मी दोन-एकने पुढे होतो. हिची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. पित्ताशयाचं साधं ऑपरेशन, टॅक्सी यायला वेळ आहे तर एक डाव होईल, असं तिनेच म्हटलं होतं. खालून हॉर्न वाजला. पडदा थांबला.

"गॅसवर दूध?" मी विचारलं.

"टॅक्सी आहे," ती म्हणाली.

मी मागची दारं लावून आलो, बॅग उचलली, तरी ही रिमोट घेऊन टकटक करतच बसलेली. "अगं, चल ना." "झालं, झालं." मग तिने टीव्ही बंद केला, रिमोट सोफ्याच्या हातावर ठेवला, त्यावर चष्म्याचा रुमाल टाकला, आणि दारातून मागे वळून म्हणाली, "आल्यावर बघते तुला."

'तुला.' म्हणजे सामना चालू होता.

ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टरांनी तसं सांगितलं आणि ते खरंच होतं. हृदयाचं मात्र कुणीच काही ठरवलेलं नव्हतं. ते तिसऱ्याच कुणाचं ऐकून थांबलं. मी घरी आलो तेव्हा मशीनवरचा दिवा नारिंगी होता.

नारिंगी म्हणजे मशीन झोपलेलं. वीज गेली की सामना पुसला जाणार. म्हणून मी लिफ्टची बॅटरी आणून जोडली. वीज गेली तर आतली माणसं अडकू नयेत, लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडावं म्हणून ती बॅटरी असते. मी ती नेमकी उलट्या कामाला लावली.

मुलगी दर रविवारी येते. मशीनवर हात ठेवायची आणि म्हणायची, "बाबा, हे तापलंय. बंद का करत नाही?"

"अपडेट चालू आहे."

"मागच्या महिन्यातही अपडेटच चालू होता."

"मोठा आहे."

या कंपनीची कीर्ती अशी, की तिला ते पटलं.

संग्रहालयाच्या बाई आल्या त्या फोम लावलेल्या दोन पेट्या घेऊन. हातात पांढरे मोजे घातले. बाळंतिणीच्या खोलीत शिरावं तशा त्या कपाटापाशी गेल्या. मुलगी चहा घेऊन आली. बाईंनी पहिली डबी काढली, उजेडात धरली, उघडली, आणि सगळं टेबलभर सांडलं.

"काका, यात बटणं आहेत."

"शर्टाची. मोठी आहेत ती पँटची."

"आणि सीडी?"

"दुसऱ्या डबीत बघा."

दुसऱ्या डबीत पहिल्या भागाची सीडी होती. तिसऱ्या डबीत दुसऱ्याची. बाई एकेक उघडत गेल्या आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. "अहो, हे सगळंच्या सगळं एक घर पुढे सरकलंय! असं कुणी केलं?"

"माझ्या बायकोने."

"मुद्दाम?"

तसं काही नव्हतं. नवा भाग आला की ही डबी उघडायची, नवी सीडी काढायची, मशीनमधली जुनी बाहेर घ्यायची. हात दोनच. नवी मशीनमध्ये गेली की जुनी हातातल्या रिकाम्या डबीत. डबी मिटली, कपाटात गेली. पहिल्या वर्षी जुनी सीडी नव्हतीच, म्हणून पहिली डबी रिकामी राहिली आणि तिच्यात बटणं गेली. हे मी बाईंना सांगितलं.

"आणि एवढ्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"लक्षात यायला जुना भाग पुन्हा खेळावा लागतो. कंपनी तशी वेळच येऊ देत नाही."

"काही हरकत नाही," बाई म्हणाल्या. हरकत होती, हे त्यांच्या मानेवरून दिसत होतं. "आपण लावून घेऊ."

मुलगीही मदतीला बसली. दोघी मिळून प्रत्येक सीडी एक घर मागे सरकवायला लागल्या. पहिली पहिलीत. दुसरी दुसरीत. टकले टकल्यांच्या घरी, मेव्हणे मेव्हण्यांच्या. हे कुठे जाऊन थांबणार ते मला दिसत होतं. मी बशीत चहा ओतला आणि तो पीत बसलो.

शेवटच्या डबीतली सीडी तिच्या घरी गेली. शेवटची डबी रिकामी राहिली.

"पंचविसावी?" बाईंनी विचारलं.

मुलीने टीव्हीकडे पाहिलं. "मशीनमध्येच असणार. थांबा, काढते."

"हात लावू नकोस."

लिफ्टच्या खड्ड्यात कुणी वाकलं की मी ज्या आवाजात ओरडायचो, तो आवाज निघाला. मुलगी गुडघ्यावर बसल्या जागी थांबली.

"बाबा, अपडेट तर—"

"अपडेट नाहीये."

मग सांगावं लागलं. सांगण्यापेक्षा मी टीव्ही लावला आणि माझ्या रिमोटने मशीन जागं केलं. दिवा पांढरा झाला. मैदान आलं. माझा खेळाडू एक पाय हवेत घेऊन उभा. कोपऱ्यात दोन-एक. आणि मधोमध ती अक्षरं.

मुलीने ती मोठ्याने वाचली. "खेळाडू दोनने खेळ थांबवला आहे." मग म्हणाली, "हे आईने दाबलंय?"

"टॅक्सी आली तेव्हा."

बाई म्हणाल्या, "मी नंतर येते."

"बसा," मी म्हणालो. "चहा गार होईल."

मुलगी पडद्याकडे बघत राहिली. ती आईवर गेली आहे, रडण्याआधी भांडून घेते. "म्हणजे तुम्ही हे असंच ठेवणार?"

"बॅटरी चांगली आहे."

"आणि ती संपली की?"

"दुसरी लावेन."

"खरं सांगा. दोन-एकने पुढे आहात म्हणून ठेवलंय ना?"

"मी कुठे ठेवलंय? थांबवलं तिने. माझ्याने सुरूही होत नाही. दोन नंबरच लागतो."

बाईंनी मशीनजवळ कान नेला. मग अगदी हळू म्हणाल्या, "काका, पंख्याचा आवाज बरा नाही. आमच्याकडची दोन मशिनं अशीच झोपवून ठेवली होती. एक दिवस आपली आपण बंद पडली. आतलं काही मिळालं नाही."

मला ते ठाऊक होतं. चार दिवस झाले, पंखा मध्येच घसा खाकरल्यासारखा करत होता. लिफ्टच्या मोटरचा असा आवाज आला असता तर मी लोकांना सांगितलं असतं, जिन्याने जा. इथे कुणाला सांगणार? मी टीव्हीचा आवाज वाढवून बातम्या ऐकायचो.

"आईचा रिमोट कुठाय?" मुलीने विचारलं.

सोफ्याच्या हातावर चष्म्याचा रुमाल होता तसाच होता. मी तिकडे बसतच नव्हतो. तिने रुमाल उचलला. रिमोटच्या डाव्या, खेळाडू पळवायच्या दांडीवर हिची रबरी टोपी होती, कागद उलटताना टायपिस्ट बोटाला लावतात ती. दांडीचं रबर झिजलं तेव्हा हिने ती बसवली होती. दांडीला अगदी मापात बसली होती. मुलीने टोपीवर अंगठा ठेवला आणि मग काढलाच नाही.

रिमोटची बॅटरी पार उतरलेली होती. तिने मला न विचारता तो चार्जिंगला लावला.

"तुला खेळता येत नाही," मी म्हणालो.

"तुम्हाला तरी कुठे येतं? आई सगळ्यांना सांगायची."

"ऑफसाइड म्हणजे काय माहितीये?"

"नाही. आईला होतं?"

होतं. पण ती ते मानत नसे. मी खुर्ची पुढे ओढली. नाही म्हणायचं बरंच काही माझ्याकडे होतं, पण मशीनने पुन्हा एकदा घसा खाकरला.

"दाब," मी म्हणालो.

तिने दाबलं. मैदान सुरू होईल म्हणून मी अंगठा तयार ठेवला. ते सुरू झालं नाही. पंच आला, कडेला आकड्यांची पाटी वर झाली. खेळाडू दोनचा एक बचाववाला बाहेर, वेणीवाला आत. दुसरा बचाववाला बाहेर, उंच तो आत. तिसराही बाहेर. मागे जवळजवळ कुणी ठेवलेलंच नव्हतं. सगळी माणसं पुढे.

"हे काय चाललंय?" मुलगी घाबरली. "मी काही केलं नाही हं!"

"तू नाही केलंस."

वेणीवाला हिचा हुकमी माणूस. माझा दम संपला की ती त्याला आणायची. खाली टॅक्सी हॉर्न मारत होती, मी बॅग घेऊन दारात उभा होतो, आणि ही खुशाल मैदानातली माणसं बदलत बसली होती. 'झालं, झालं' ते हे. पित्ताशय काढायला निघालेल्या माणसाला दुसरी चिंता नव्हती. आल्यावर बघते म्हणाली होती, आणि बघायची सगळी तयारी करून गेली होती.

मला हसू फुटलं. बाई माझ्याकडे काळजीने बघायला लागल्या. बऱ्याच दिवसांत तो आवाज घरात झाला नव्हता, त्यामुळे मलाही तो जरा गंजलेलाच वाटला.

"हसताय काय? काय दाबू?"

"चेंडू तुझ्याकडे आलाय. पळ."

"कुठे?"

"इकडे नाही! हा तुझाच गोल!"

"मग आधी सांगायचं ना!"

वेणीवाला आधी रेषेबाहेर पळाला, मग परत आला. मुलीने त्याला पंचाच्या अंगावर घातलं. मी तो चेंडू सहज काढून घेऊ शकलो असतो, पण माझा अंगठा नेहमीसारखा शेजारच्या बटणावर गेला आणि माझा माणूस जमिनीवर घसरत लांब निघून गेला. तेवढ्यात मुलीने दिसतील ती बटणं एकदम दाबली. वेणीवाल्याने अर्ध्या मैदानातून चेंडू हवेत भिरकावला. तो गोलकडे चालला होता असं कुणी म्हणणार नाही. पण माझा हळवा गोलकीपर त्याला बघूनच खचला आणि आडवा झाला. चेंडू टप्पे खात आत.

दोन-दोन.

"घे! खा!" मुलगी ओरडली. आणि मग तोंडावर हात ठेवून, "सॉरी, बाबा."

"मॅच चालू असताना सॉरी नसतं."

बाई पेटीवर बसल्या होत्या. हातातले मोजे त्यांनी कधी काढले कळलं नाही. "काका, डावीकडे मोकळं आहे," त्या म्हणाल्या. मी डावीकडे गेलो. हिने बचाव रिकामाच ठेवलेला, त्यामुळे समोर कुणी नव्हतं. घड्याळ संपत आलेलं. मी एकटा, पुढे गोलकीपर, तोही आपला पडायच्या बेतात. पंचवीस वर्षांत इतका मोकळा गोल मला मिळाला नव्हता. मी अंगठा टेकवला.

पडदा थांबला.

खेळाडू दोनने खेळ थांबवला आहे.

मी मुलीकडे पाहिलं. ती पडद्याकडेच बघत होती.

"गॅसवर दूध आहे," ती म्हणाली.

ती लहानपणापासून शेजारच्या खोलीत चित्रं काढत बसायची. आम्हाला वाटायचं, पोरीचं लक्ष नाही.

ती उठली आणि आत गेली. आतून नळाचा आवाज आला. तो बराच वेळ चालू राहिला. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मी रिमोट मांडीवर ठेवून बसलो. अंगठा गार पडत होता. तो गार पडण्याची इतकी सवय होती, की मला बरं वाटलं.

ती परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं, केस कपाळाला चिकटलेले.

"उतू गेलं?" मी विचारलं.

"थोडं."

तिने रिमोट उचलला, अंगठा रबरी टोपीवर ठेवला आणि खेळ सुरू केला. मी मारला. चेंडू बारच्या वरून, प्रेक्षकांच्याही वरून, थेट पार्किंगच्या दिशेने गेला.

"अप्रतिम!" समालोचक म्हणाला. "पण गोल नाही."

शिट्टी झाली. सामना संपला. पडद्यावर फटाके उडाले. बरोबरीलाही फटाके उडवायचे हे या कंपनीलाच सुचू शकतं. मुलीने रिमोट खाली ठेवला.

"हा धरायचा नाही," मी म्हणालो.

"का?"

"माझी खुर्ची करकरली."

मग मी स्वतः वाकून मशीन बंद केलं. आधी सीडी बाहेर आली, मग दिवा गेला. पंख्याने दोन-तीन फेऱ्या घेतल्या आणि तो थांबला. हॉलमध्ये इतकी शांतता असते हे मी विसरलो होतो. बाईंनी पंचविसावी डबी उघडून पुढे धरली.

"त्यात नाही," मी म्हणालो.

"काका, ही तिचीच डबी आहे."

"आमच्याकडे सीडी पुढच्या वर्षीच्या डबीत जाते. आणि या सगळ्या तुम्ही लावल्यात ना, त्याही होत्या तशा करा. न्यायच्या असतील तर तशाच न्या. बटणांसकट."

"पण मग मालिका चुकीची दिसेल. लोक विचारतील."

"विचारू देत."

"मला पाटीवर काहीतरी कारण लिहावं लागेल."

"लिहा, मांडणी मालकीणबाईंची."

बाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलीने खांदे उडवले आणि पहिल्या डबीत बटणं भरायला घेतली. मग दोघी पुन्हा खाली बसल्या आणि तासभर खपून जे नीट केलं होतं ते परत बिघडवलं. जाताना बाईंनी दारात विचारलं, "पण काका, सव्विसावा तर अजून आलेला नाही. तोवर ही सीडी?"

"येईल. ती कंपनी काय मरतेय?"

आलाच. जाहिरातीत लिहिलं होतं, यंदा सगळं नवीन. यापुढे या कंपनीला माझ्या घरातून काही मिळणार नाही, असं मी चारचौघांत बोलून बसलो होतो. तरी दुकानात गेलो. डबी हल्ली दरवर्षी दोन रंगांत येते. दुकानदाराने ओळखलं आणि सवयीने विचारलं, "काकूंना काय, पांढरी डबी की काळी?" मी म्हटलं, काळी. घरी येऊन डबी उघडली, नवी सीडी मशीनमध्ये घातली, पंचविसावी रिकाम्या डबीत ठेवली आणि डबी मिटली. एका हातात नवी, एका हातात जुनी. खरंच, दुसरी कुठली पद्धत सुचतच नाही.

रविवारी मुलगी येते. खेळाडू दोन तीच. या भागाला अजून नाव पडलेलं नाही. गवत तेच आहे, घाम तोच आहे, समालोचक तोच आहे. मशीनला मी नवा पंखा बसवला आणि लिफ्टची बॅटरी जिथली तिथे नेऊन दिली.

नव्या भागात एकच खरी सुधारणा आहे. आता थांबवलेला खेळ कुणालाही सुरू करता येतो, 'ग्राहकांच्या आग्रहावरून' असं डबीच्या मागे छापलंय. पंचवीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा काहीतरी मनापासून बदललं आणि ते नेमकं हे. मी कंपनीला तक्रार कळवली आहे. उत्तर आलं की आपलं मत आमच्यासाठी अमूल्य आहे.

तरी मी बटणाला हात लावत नाही. पडदा थांबतो, गॅसवर दूध असतं, आणि ती आतून येईपर्यंत मी बसून राहतो.